तिकीट कुणी भरलं?

पायवाट : पांथस्थ

शाळेच्या सहलीचा कागद घरी आला की आमच्या मुळशीतल्या बऱ्याच घरांत ठिकाणाच्या आधी आकडा वाचतात. बसचं भाडं, वॉटर पार्कचं तिकीट, जेवण, वर किरकोळ खर्च. दोन मुलं शाळेत असली की एकाला पाठवायचं आणि दुसऱ्याची समजूत काढायची. गेल्या वर्षी माझ्या भावाच्या घरी असंच झालं. थोरला गेला. सातवीतली भाची घरी राहिली आणि तिने त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. तिचं ते गप्प बसणं मला फार लागलं.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी तिला, तिच्या भावाला आणि वाडीतल्या आणखी सात मुलांना घेऊन मुंबईला गेले. अट एकच होती. जिथे आत जायला तिकीट काढावं लागेल, तिथे जायचं नाही. रेल्वेचं भाडं भरायचं, डबे घरचे घ्यायचे, बाकी पायी फिरायचं. समुद्र, जुनं विद्यापीठ, दीडशे वर्षांच्या इमारती, चित्रं, बागा असं सगळं एका दिवसात आणि फुकट दाखवणारं दुसरं शहर आपल्या राज्यात नाही. मुळशीपासून ते एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. आज त्याच वाटेबद्दल सांगते.

पहाटेच्या सिंहगड एक्स्प्रेसने दहाच्या सुमाराला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. इथे उतरणारा माणूस स्टेशनकडे पाठ करून कामाला पळतो. आम्ही रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेलो आणि मागे वळून बघितलं. फ्रेडरिक स्टीव्हन्सने आराखडा केलेली ही इमारत १८८७ ची. २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह बसलाय, दुसरीकडे वाघ. सिंह इंग्रजांचा, वाघ आपला, असं सांगितल्यावर मुलांनी भिंतीवरची बाकीची जनावरं शोधायला सुरुवात केली. मोर सापडला, माकड सापडलं. या कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. म्हणजे शिकणाऱ्या पोरांनीच ते घडवलं, हे माझ्या सोबतच्या शिकणाऱ्या पोरांना मुद्दाम सांगितलं. अर्धा तास असाच गेला.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून चालत हुतात्मा चौकात आलो. १८६४ सालचं फ्लोराचं कारंजं आणि शेजारी हातात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसांनी जीव दिले, त्यांची नावं तिथे कोरलेली आहेत. भाचीने ती मोठ्याने वाचायला घेतली. आठ-दहा नावांनंतर तिचा आवाज आपोआप खाली आला. नोव्हेंबर १९५५ मध्ये याच भागातून विधानसभेवर मोर्चा गेला, त्याच्या अग्रभागी पंच्याहत्तरीतले सेनापती बापट होते, हे मी सांगितलं. "म्हणजे आपले सेनापती बापट?" एकाने विचारलं. हो, आपलेच. ते मूळचे पारनेरचे, पण त्यांना सेनापती केलं ते मुळशीने.

ती गोष्ट सांगायला ओव्हल मैदानासारखी जागा नाही. मैदानाच्या मध्यावर उभं राहिलं की पूर्वेला काळसर दगडाचं हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई मनोरा दिसतो. पश्चिमेला १९३० च्या सुमाराच्या गोलसर कोपऱ्यांच्या, फिकट रंगांच्या आर्ट डेको इमारती. अशा दोन्ही तऱ्हांच्या ९४ इमारती मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरल्या आणि त्या सगळ्यांच्या मधोमध पोरं क्रिकेट खेळतात. विद्यापीठाच्या आवारात सहज कुणाला सोडत नाहीत. मैदानातून मात्र मनोरा पायथ्यापासून टोकापर्यंत दिसतो, जवळून दिसेल त्याहून नीट दिसतो.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. मनोऱ्याचं काम १८६९ ला सुरू झालं आणि १८७८ ला संपलं. उंची सुमारे २८० फूट. आराखडा इंग्लंडच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, पैसा प्रेमचंद रायचंद या गुजराती व्यापाऱ्याचा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत प्रेमचंद रायचंद शहरातले सगळ्यांत मोठे सटोडिये झाले. ग्रंथालयाला दोन लाख आणि मनोऱ्याला दोन लाख रुपये त्यांनी दिले. मनोऱ्याला आपल्या आईचं, राजाबाईंचं नाव द्या, एवढंच मागणं होतं. १८६५ ला युद्ध संपलं, बाजार कोसळला आणि प्रेमचंदांची संपत्तीही त्यात बुडाली. मनोरा उभा राहिला. वर नजर नेली तर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे दिसतात, ज्याच्या त्याच्या पेहरावात. घरची दुर्बीण असेल तर न्या. मुलं पागोटी ओळखत बसतात.

याच विद्यापीठाच्या मंगळदास नथूभाई शिष्यवृत्तीवर पांडुरंग महादेव बापट नावाचा तरुण १९०४ मध्ये एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेला. तिकडे तो क्रांतिकारकांच्या संगतीत आला, बाँबची विद्या घेऊन परतला आणि पुढे आमच्या मावळात आला. नीला आणि मुळेच्या खोऱ्यात टाटा कंपनी धरण बांधणार होती. पन्नासहून अधिक गावं पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे कामाच्या जागेवर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे आणि बापट यांनी तो लढा चालवला, तोच मुळशी सत्याग्रह. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. बायका लेकरं कडेवर घेऊन खडीच्या ढिगांवर बसल्या, मार खाल्ला, तुरुंगात गेल्या. बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. ते मोबदल्यावर राजी झाले आणि कसणारा एकटा पडला. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर पुस्तक लिहिलंय. त्याच्या इंग्रजी आवृत्तीच्या नावातच याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलंय.

माझ्या पणजोबांचं शेत त्या पाण्यात गेलं. पणजी मी पाहिली नाही, पण तिचं एक वाक्य आजीच्या तोंडून शंभरदा ऐकलंय. "भात पोटरीला आला होता आणि आम्ही भांडी बांधत होतो." ओव्हलच्या हिरवळीवर बसून मी ते मुलांना सांगितलं. त्यातल्या दोघांच्या घरीही असंच काहीतरी सांगतात, हे मला तिथे कळलं.

साडेअकराला चर्चगेट स्टेशनबाहेर पोचलो, कारण तेव्हा डबे येतात. लाकडी हातगाड्या, लांब पाट्या, झाकणांवर रंगाने काढलेली अक्षरं आणि आकडे, पांढऱ्या टोप्या. काही मिनिटांत शेकडो डबे वेगळे होऊन रस्त्याला लागतात. १८९० पासून चालत आलेलं हे काम करणारी माणसं बहुतेक मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव, अकोले या पट्ट्यातली. बघायला पैसे लागत नाहीत, फक्त वाटेत उभं राहू नये. आमच्या घोळक्याकडे बघून एका डबेवाल्या काकांनी डोक्यावरची पाटी न उतरवता विचारलं, "कुठल्या गावची रं पोरं?" गाव सांगितलं. "मग आमचीच की," असं म्हणून ते गर्दीत गेले. नऊ पोरं पुढचा अर्धा तास छाती काढून चालत होती.

मग काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरीच्या दाराशी भाची थांबली. "आत्या, तिकीट कुठे काढायचं?" इथे तिकीट नाही म्हटल्यावर तिने जो प्रश्न विचारला तो दिवसभर माझ्या डोक्यात होता. "मग यांचे पैसे कुणी भरले?"

खरंच, कुणी भरले? या गॅलरीचे सर कावसजी जहांगीर यांनी. गेलेल्या मुलाच्या, जहांगीरच्या नावाने १९५२ मध्ये त्यांनी ती शहराला दिली. गेली सत्तर वर्षं सकाळी अकरा ते संध्याकाळी सात कुणीही आत शिरतं आणि चित्रांसमोर उभं राहतं. चप्पल झिजलेली आहे की नवी, कुणी बघत नाही. बाहेरच्या फुटपाथवर चित्रकार समोर बसवून रेखाचित्र काढतात. तिथे उभं राहून बघणं हीसुद्धा एक शाळाच. सेनापती बापट शिकायला गेले ते एडिंबरोही असंच समुद्राकाठचं, जुन्या विद्यापीठाचं शहर. तिथलं राष्ट्रीय संग्रहालय आजही कुणालाही तिकिटाशिवाय बघता येतं आणि लंडनचं ब्रिटिश म्युझियमही. तिथे तो भार सरकारी तिजोरीने, म्हणजे सगळ्या लोकांनी मिळून उचललाय. आपल्याकडे कधी एखाद्या शेटजीने उचलला, कधी रहिवाशांनी. ज्या ओव्हलवर आम्ही बसलो, त्या मैदानाची एकेकाळी पार दैना झाली होती. १९९० च्या दशकात आजूबाजूचे रहिवासी त्यासाठी कोर्टात गेले, भांडले आणि मैदान वाचलं. म्हणून आमच्या पोरांना बसायला हिरवळ मिळाली.

डबे हॉर्निमन सर्कलच्या बागेत उघडले. बेंजामिन हॉर्निमन हा इंग्रज 'बॉम्बे क्रॉनिकल'चा संपादक. हिंदुस्थानच्या बाजूने लिहितो म्हणून सरकारने त्याला देशाबाहेर काढलं. त्याच्या नावाच्या झाडांखाली आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. समोर १८३३ चा टाऊन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीची इमारत. तिच्या पायऱ्या तीस. मोजण्याचं काम धाकट्या मंडळींनी दोनदा केलं. त्या पायऱ्यांवर बसून शहराकडे बघणं हे मुंबईतलं उत्तम आसन आहे, असं माझं मत आहे.

गेट वे ऑफ इंडियाला तपासणीची रांग असते, तेवढी धरावी लागते. राजा पंचम जॉर्ज १९११ मध्ये आला त्याची आठवण म्हणून बांधलेली ही कमान लोकांसाठी खुली झाली ती डिसेंबर १९२४ मध्ये. त्याच डिसेंबरात सेनापती बापटांनी आपल्या साथीदारांसह धरणाच्या कामाची रेल्वे अडवली आणि त्यासाठी पुढची कित्येक वर्षं तुरुंगात काढली. एकीकडे राजाच्या स्वागताची कमान, दुसरीकडे मुळशीच्या लढ्याचा शेवट. इतिहासाच्या पुस्तकात ही दोन पानं शेजारी नसतात. ती शेजारी ठेवून मुलांना सांगायची असतील तर याच कमानीखाली सांगावीत. याच कमानीतून २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची गोरी पलटण बोटीवर चढली, हेही सांगावं, म्हणजे गोष्ट पुरी होते.

संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. साडेतीन किलोमीटरचा कठडा आणि समोर समुद्र. आमच्यातल्या सहा मुलांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. कुणी ओरडलं नाही, पळालं नाही. नऊच्या नऊ कठड्यावर पाय सोडून बसली आणि बराच वेळ बोललीच नाहीत. सूर्य खाली गेला. मग नरिमन पॉइंटपासून मलबार हिलपर्यंत दिवे लागत गेले. याला राणीचा हार म्हणतात.

तेव्हा मी त्यांना उरलेली गोष्ट सांगितली. आपलं पाणी सरळ वाहिलं असतं तर मुळेतून पुण्याला, तिथून भीमेत, मग कृष्णेत आणि शेवटी पूर्वेच्या समुद्रात गेलं असतं. धरणाने त्याची दिशा फिरवली. बोगद्यातून ते सह्याद्रीच्या कड्याखाली कोकणात भिऱ्याला उतरतं. तिथलं वीजकेंद्र १९२७ ला सुरू झालं. खोपोली आणि भिवपुरीच्या जोडीने त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या आणि शहरात दिवे लागले. वीज करून झाल्यावर तेच पाणी कुंडलिकेत सोडतात, कोलाडला त्यावर राफ्टिंग चालतं आणि शेवटी ते याच अरबी समुद्राला मिळतं. मुळशीचं पाणी आणि मुळशीची वीज दोन वाटांनी एकाच समुद्राकाठी येतात.

भाची हाराकडे बघत होती. "म्हणजे याचं तिकीट आपण भरलं," ती म्हणाली.

तिचं म्हणणं खरं आहे. मुंबईचा दुस्वास करायला मी हे लिहीत नाही. मुळशीच्या किती घरांना मुंबईने पोटाला दिलं, ते चर्चगेटला त्या काकांच्या रूपाने आम्ही पाहिलंच. गिरणीतल्या मजुरीवर गावाकडची घरं उभी राहिली. मुद्दा वेगळा आहे. ज्याला आपण फुकट म्हणतो, त्याची किंमत कुणीतरी चुकवलेली असते. प्रेमचंदांनी पैशाने चुकवली, कावसजींनी मुलाच्या आठवणीने, हुतात्मा चौकातल्यांनी जिवाने, माझ्या पणजीने पोटरीला आलेल्या भाताने. काहींनी आपखुशीने दिली, काहींकडून हिसकावून घेतली. हा फरक मुलांना शिकवला पाहिजे आणि दोघांचीही नावं सांगितली पाहिजेत.

घरी परतल्यावर एक गोष्ट मात्र खुपत राहिली. नऊ मुलं मुंबईत दिवसभर कुठेही बसली, चालली, कुणी हटकलं नाही. त्याच मुलांना आपल्याच मुळशी धरणाच्या तलावाकाठी मनासारखं बसता येत नाही. काठाच्या जमिनींना तारा लागल्यात, फाटकं आलीत. रिसॉर्टवाला म्हणतो पाहुण्यांसाठी, बंगलेवाला म्हणतो खासगी. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी येते, ती माणसं वाहून जातात म्हणून आणि ती पाळलीच पाहिजे. पण उरलेले आठ महिने? ज्यांच्या घरांवर हे पाणी उभं आहे, त्यांच्या पतवंडांना ते पाणी बघायला चहाच्या नावाखाली दोनशे रुपये मोजावे लागावेत, हे मला मान्य नाही.

मुळशीत फुकट बघण्यासारखं आजही पुष्कळ आहे. ताम्हिणीचा घाट, तिथली विंझाई, तलावाच्या डोक्यावरचा कैलासगड, पलीकडे घनगड आणि कोरीगड. लवळ्याच्या डोंगरावर दोन विद्यापीठं उभी राहिलीत, हिंजवडीला आयटी पार्क आहे. देशभरातली हजारो मुलं-मुली शिकायला आणि नोकरीला या तालुक्यात राहतात, सुट्टीच्या दिवशी तलावावर येतात, फोटो काढतात आणि जातात. पाण्याखाली काय आहे ते त्यांना कुणी सांगत नाही. राजाबाई मनोऱ्याची गोष्ट मैदानात उभं राहिल्यावर कळते, तशी मुळशीची गोष्ट काठावर उभं राहिल्यावर कळली पाहिजे.

म्हणून तीन मागण्या आहेत. ग्रामपंचायतींनी आणि जिल्हा परिषदेने तलावाच्या काठची एक तरी जागा कायमची सार्वजनिक ठेवावी. फाटक नको, तिकीट नको, चार बाकं आणि सावलीला झाडं पुरेत. तिथे बुडालेल्या गावांची नावं दगडावर कोरावीत, हुतात्मा चौकात आहेत तशी, मोठ्याने वाचता येतील एवढ्या अक्षरांत. लवळ्याच्या विद्यापीठांनी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना एकदा तरी खाली तलावावर आणून मुळशी सत्याग्रह सांगावा. जागा मिळाली की ते एका दुपारचं काम आहे.

आणि शिक्षकहो, तुमच्याकडे तिसरं मागणं. यंदाच्या सहलीचा कागद काढण्याआधी हा मार्ग एकदा स्वतः चालून बघा. टर्मिनस, हुतात्मा चौक, ओव्हल, चर्चगेट, जहांगीर, हॉर्निमन सर्कल, गेट वे, मरीन ड्राइव्ह. दुसरा दिवस हाताशी असेल तर गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा, ऑगस्ट क्रांती मैदान आणि वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव, हेही सगळं तिकिटाशिवाय. मुलांच्या पायात चालायच्या चपला हव्यात, पाण्याच्या बाटल्या हव्यात, भाकरी जरा जास्त बांधा. कुठल्याही घरात एका मुलाला मागे ठेवू नका. आणि मरीन ड्राइव्हला दिवे लागायच्या वेळेपर्यंत नक्की थांबा. दिवे लागले की मुलांना सांगा, मुळशी कुठल्या दिशेला आहे ते.